नांगर घालण्याआधी

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा तो घ्यायला शेतकरी पुढे येईनात. लोखंडाने जमिनीला विष चढेल अशी भीती होती. पहिले नांगर विकले जायला दोन वर्षे लागली. भीतीचे कारण चुकीचे होते, लोखंडाने माती विषारी होत नाही. पण त्या भीतीमागची सावधगिरी मोलाची होती. जमिनीत जे अवजार घालायचे, त्याने जमिनीचे काय होणार हे आधी विचारावे, एवढे त्या शेतकऱ्याला कळत होते. आज ती सावधगिरी उरलेली नाही. रब्बीचे पीक निघाले की पल्टी नांगर, उन्हाळ्यात ढेकळे फोडायला एक-दोन पाळ्या, पेरणीच्या तोंडावर रोटाव्हेटर, असा क्रम ठरून गेला आहे. शेजाऱ्याचे रान नांगरून काळेभोर झाले आणि आपल्यात अजून धसकटे उभी असली, तर माणसाला ओशाळल्यासारखे होते. ही नांगरट नेमकी कशासाठी, कोणत्या तणासाठी, कोणत्या रोगासाठी, असे विचारले तर बहुतेक वेळा उत्तर मिळते, ‘दरवर्षी करतो म्हणून.’ माझे म्हणणे याच उत्तराविषयी आहे. नांगर हे औषध आहे. औषध दुखणे ओळखून, मात्रेत आणि गरज असेल तेव्हाच द्यायचे असते. रोजच्या जेवणासारखे ते घेतले, तर ज्या रोगांसाठी घेतो तेच रोग बळावतात.

हे समजण्यासाठी माती जवळून पाहायला हवी. एक ढेकूळ दरवर्षी नांगरल्या जाणाऱ्या रानातून घ्यावे, दुसरे त्याच रानाच्या बांधावरून, जिथे वर्षानुवर्षे फाळ लागलेला नाही. दोन्ही सावलीत चांगली वाळू द्यावीत आणि पाण्याने भरलेल्या दोन काचेच्या पेल्यांत हलकेच सोडावीत. बहुतेक ठिकाणी रानातले ढेकूळ काही मिनिटांत विरघळून तळाशी चिखल होऊन बसते आणि पाणी गढूळ होते. बांधावरचे ढेकूळ फुगते, बुडबुडे सोडते, पण आकार धरून राहते. दोन्ही ढेकळांतली मूळ माती एकच असते. फरक असतो तो मातीचे कण एकत्र बांधणाऱ्या जिवंत डिंकाचा. गवताची केसासारखी मुळे, बुरशीचे धागे, जिवाणूंचा चिकट स्राव आणि गांडुळांची विष्ठा यांतून हा डिंक तयार होतो. पिकाच्या मुळांशी जोडून राहणाऱ्या मायकोरायझा बुरशीच्या धाग्यांशी निगडित असलेला ग्लोमॅलिन नावाचा चिकट पदार्थ अमेरिकी संशोधक सारा राइट यांनी १९९६ मध्ये दाखवून दिला. मातीची रवाळ घडण टिकवण्यात त्याचा वाटा मोठा मानला जातो. रवा टिकला की त्याच्या आत आणि भोवती पोकळ्या राहतात. त्यांतून पाणी मुरते, हवा खेळते, मुळे वाट काढतात. मातीचे आरोग्य म्हणतात ते मुख्यतः या पोकळ्यांचे आणि त्यांत राहणाऱ्या जीवांचे आरोग्य आहे.

नांगर ही घडण उलटीपालटी करतो. बुरशीचे धागे तुटतात, गांडुळांची बिळे बुजतात आणि रव्यांच्या आत सुरक्षित राहिलेला सेंद्रिय पदार्थ अचानक हवेत उघडा पडतो. चुलीतला निखारा फुंकल्यावर जसा पेट घेतो, तसे जिवाणू त्या सेंद्रिय पदार्थावर तुटून पडतात आणि कर्ब वायू होऊन उडून जातो. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रेकॉस्की आणि लिंडस्ट्रॉम यांनी गव्हाच्या शेतात हे मोजले आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध केले. पल्टी नांगर घातल्यावर अवघ्या १९ दिवसांत जेवढा कर्ब हवेत गेला, तो आधीच्या पिकाच्या अवशेषांतल्या एकूण कर्बाच्या १३४ टक्के होता. म्हणजे काडातला कर्ब गेलाच, शिवाय मातीची जुनी शिल्लकही खर्ची पडली. न नांगरलेल्या तुकड्यात हे प्रमाण २७ टक्के होते. नांगरटीनंतर पीक जोमदार दिसते, त्यामागचे एक कारण हेच आहे. सेंद्रिय पदार्थ जळताना त्यातला नत्र मोकळा होतो आणि पिकाला मिळतो. शेतकऱ्याला दिसतो तो फायदा खरा असतो, पण तो ठेव मोडून काढलेला पैसा असतो. आपल्याकडे ही ठेव मुळातच तुटपुंजी आहे. माती परीक्षणाच्या अहवालात सेंद्रिय कर्ब ०.४० टक्क्यांच्या आत असला तर तो ‘कमी’ गणला जातो, आणि असा अहवाल हाती पडणे ही महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागात नवलाची गोष्ट नाही.

दुसरे नुकसान पावसाच्या पहिल्या सरींबरोबर होते. भुगा झालेल्या उघड्या मातीवर टपोरा थेंब आदळला की रवे फुटतात, बारीक कण पोकळ्यांत जाऊन बसतात आणि वर पापुद्रा धरतो. मग पाणी मुरायचे थांबते आणि माती घेऊन वाहू लागते. भारतात दर हेक्टरी दर वर्षी सरासरी १६.३५ टन माती वाहून जाते, असा अंदाज १९८३ मध्ये ध्रुव नारायण आणि राम बाबू यांनी मांडला होता आणि आजही तोच आधाराला घेतला जातो. हेक्टरभर रानात एक मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे साधारण तेरा टन माती. म्हणजे वर्षाला सव्वा मिलिमीटर माती जाते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण वरची हीच माती सगळ्यात सकस असते. तिसरे नुकसान जमिनीच्या पोटात होते. एकाच खोलीवर वर्षानुवर्षे फाळ फिरला, रोटाव्हेटरची पाती त्याच पातळीवर घासत राहिली आणि वरून ट्रॅक्टरचे वजन पडले, की खाली घट्ट तळ बसतो. वर मऊ भुसभुशीत माती आणि खाली फरशी. मुळे त्या फरशीशी पोचून आडवी वळतात, आणि जोराचा पाऊस झाला की पाणी तिथेच तुंबते. मूळकुज करणाऱ्या बुरशींना याहून सोयीची जागा नाही.

महाराष्ट्रापुरती आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आपल्या काळ्या जमिनीला मृदाशास्त्रात ‘व्हर्टिसॉल’ म्हणतात. उलटणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून हे नाव आले. ही जमीन स्वतःच स्वतःला उलटते, म्हणून तिला ते मिळाले. तिच्यातली चिकणमाती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरचा भुगा त्यांत पडतो, आणि पावसाळ्यात जमीन पुन्हा फुगून मिटते. हे दरवर्षी घडत असते. विदर्भ-खानदेशच्या काळ्या रानात जुन्या काळी मुख्य अवजार होते ते वखर. वखराची पास वरचा काही बोटांचा थर कापते, तण उपटते, भेगा बुजवून ओल राखते, पण माती उलटी करत नाही. हरळी-कुंद्याने रान धरले तरच खोल नांगरट करायची, असा व्यवहार होता. ट्रॅक्टर आल्यावर खोल नांगरट सोपी झाली, आणि जी गोष्ट अडीनडीला करायची ती दरवर्षीची झाली.

आता रोगांकडे वळू, कारण नांगरटीच्या बाजूने सगळ्यात जोरदार युक्तिवाद इथेच केला जातो. पिकाचे अवशेष म्हणजे रोगाचे घर, ते गाडले तरच पुढचे पीक वाचते, असे कृषी शिक्षणात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. ते खोटे नाही. भुईमुगाची खोडकूज घ्या. बुंध्याशी पांढरी बुरशी दिसते आणि तिच्यावर मोहरीच्या दाण्यासारख्या तपकिरी बीजगाठी धरतात. ‘स्क्लेरोशियम’ नावाच्या या बुरशीला रुजायला हवा लागते, म्हणून तिचा उपद्रव वरच्या काही बोटांच्या थरातच असतो. त्या बीजगाठी खोल गाडल्या की त्यांचा जोर संपतो. इथे पल्टी नांगर खरोखर औषधाचे काम करतो. उसातली हुमणी तशीच. नांगरामागे बगळे, कावळे, साळुंक्या का धावतात ते शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. उघड्या पडलेल्या अळ्या आणि कोष ते वेचून खातात. कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचा फेरा तोडायचा तर पऱ्हाटी रानात उभी ठेवून चालत नाही, आणि जमिनीतले कोष उन्हात उघडे पाडण्याचाही उपयोग होतो. एवढे सगळे मान्य करायलाच हवे.

पण याच औषधाचा सगळ्या रोगांवर सारखा गुण येत नाही. हरभऱ्याचा मर रोग पाहू. उभे झाड दोन-तीन दिवसांत माना टाकते, पाने हिरवी असतानाच लोंबतात. असे झाड उपटून त्याचे खोड उभे चिरले, की मधोमध तपकिरी-काळी रेघ दिसते. पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या फ्युजॅरियम बुरशीने बुजवल्याची ती खूण. ही बुरशी हरभरा नसतानाही मातीत सहा वर्षांपर्यंत टिकते. ती नांगराने मरत नाही, उलट पसरते. रानाच्या एका कोपऱ्यात दहा झाडे वाळली असतील, तर रोटाव्हेटर तिथली माती ओढत दुसऱ्या टोकाला नेतो, आणि भाड्याचे अवजार न धुता पुढच्या शेतात गेले की रोगही त्याच्याबरोबर जातो. या रोगावर खरा उपाय आहे तो रोगाला दाद न देणाऱ्या वाणांचा, बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळण्याचा आणि दीर्घ फेरपालटीचा. हरभऱ्यात ‘विजय’, तुरीत ‘बीएसएमआर ७३६’ अशा वाणांनी मर रोगाविरुद्ध जे केले, ते कोणत्याही नांगराने केलेले नाही. रब्बी ज्वारीचा खडखड्या रोग तर वेगळेच शिकवतो. दाणे भरायच्या वेळी ओल तुटली आणि जमीन तापली की मॅक्रोफोमिना बुरशी खोड पोकळ करते आणि ताटे कोलमडतात. हरभऱ्याची कोरडी मूळकूजही हीच बुरशी करते. तिला लागते ती कोरडी, तापलेली माती. म्हणून इथे ओल धरून ठेवणारे आच्छादन हाच बचाव आहे, आणि ओल उडवणारी जादा मशागत रोगाला मदत करते. तणांचेही असेच. हरळीच्या काड्या आणि लव्हाळ्याच्या गाठी रोटाव्हेटरने तोडल्या की प्रत्येक तुकड्याला नवा कोंब फुटतो.

याहून खोल गोष्ट अशी, की रोगट बुरशी मातीत एकटी नसते. तिच्याभोवती तिला खाणारे, तिचे अन्न पळवणारे, तिच्यावर वाढणारे असंख्य जीव असतात. ट्रायकोडर्मा हे त्यांतले आपल्या परिचयाचे नाव. पाकिटात मिळण्याआधी तो मातीतच राहत होता. ज्या मातीत हा शेजार दाट असतो, तिथे रोगाचे बीज असूनही रोग वाढत नाही. शास्त्रज्ञ अशा जमिनीला रोगदमन करणारी जमीन म्हणतात. ती किती काळात तयार होते, याचा एक बोलका पुरावा अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात रिट्झव्हिल इथल्या दीर्घ प्रयोगातून मिळाला. तिथे विनानांगरणीची शेती सुरू केल्यावर तिसऱ्या वर्षी, १९९९ मध्ये, गव्हात रायझोक्टोनिया बुरशीचे उघडे चट्टे पडू लागले. नांगर थांबवला की रोग वाढेल, हे टीकाकारांचे भाकीत खरे ठरल्यासारखे दिसले. पण शिलिंजर आणि पॉलिट्झ हे संशोधक मोजत राहिले. दहा-बारा वर्षांनी ते चट्टे आपोआप ओसरत जाऊन जवळजवळ नाहीसे झाले. नांगर थांबवल्यावर रोग आधी वाढला, आणि मातीतला समतोल बसल्यावर तो कमी झाला. दोन्ही बाजूंनी हा निष्कर्ष पुरता ऐकायला हवा. विनानांगरणी हा झटपट इलाज नाही, आणि सुरुवातीच्या काही वर्षांचा त्रास हा अंतिम निकालही नाही.

उत्पादनाचा आक्षेप याहून गंभीर आहे, कारण घर त्यावर चालते. त्याचे उत्तर आकड्यांतच द्यावे लागते. २०१५ मध्ये ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात कॅमेरॉन पिटलकोव आणि सहकाऱ्यांनी ६३ देशांतल्या ४८ पिकांवरच्या ६१० अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. नांगरट बंद केल्यावर उत्पादन सरासरी ५.७ टक्क्यांनी घटले. ज्यांनी फक्त नांगर थांबवला, अवशेष राखले नाहीत आणि पिकांची फेरपालटही केली नाही, त्यांची घट आणखी मोठी होती. पण कोरड्या, पावसावर अवलंबून असलेल्या भागांत जिथे विनानांगरणी, अवशेषांचे आच्छादन आणि फेरपालट तिन्ही एकत्र आली, तिथे उत्पादन ७.३ टक्क्यांनी वाढले. मराठवाडा, सोलापूर, नगर, पश्चिम विदर्भ या कोरड्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. तिन्ही पाय असले तरच तिवई उभी राहते. नांगर बंद आणि रान उघडे, असे केले तर जमीन आवळते, पाणी मुरत नाही आणि शेतकरी म्हणतो की हे शास्त्र खोटे आहे. त्याचा अनुभव खरा असतो, प्रयोग अर्धा असतो. विनानांगरणीने हवेतला कर्ब भरमसाट प्रमाणात जमिनीत साठतो, असेही सांगितले जाते. तेही जपून घ्यावे. कर्ब वरच्या थरात वाढतो, पण खोलवर मोजले तर एकूण वाढ पुष्कळदा किरकोळ निघते. तरीही रोपटे रुजते, पाऊस पडतो आणि मुळे श्वास घेतात त्या वरच्या थरात कर्ब असणे हाच शेतकऱ्याचा लाभ आहे.

आच्छादन आणायचे कुठून, हा आपल्याकडचा खरा पेच आहे. ज्वारीचा कडबा जनावरांना लागतो, तुराट्या-पऱ्हाट्या चुलीला जातात. त्यामुळे परदेशातल्या शेतासारखे सगळे काड रानात ठेवा, असे सांगणे निर्दयपणाचे होईल. पण ताटे कापून नेली तरी मुळे आणि धसकटे जमिनीत राहू शकतात. कोल्हापूरचे शेतकरी-अभ्यासक प्रताप चिपळूणकर हाच विचार सातत्याने मांडत आले आहेत. जमिनीखालचे मूळ जागच्या जागी कुजले की खत आणि पोकळी दोन्ही मिळतात. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी बसवलेल्या ‘एसआरटी’ पद्धतीतही कायमचे गादीवाफे असतात. चिखलणी नाही, लावणी नाही. भाताची मुळे तशीच ठेवून त्याच वाफ्यावर पुढे वाल, हरभरा घेता येतो. उसात तर आच्छादनाची चणचणच नाही. हेक्टरी ८ ते १० टन पाचट मिळते, आणि ते पेटवून दिले तर काही मिनिटांत राख होते. सरीत दाबून टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू वापरले, तर ते खोडव्याचे अन्न होते. सोयाबीनचे भुसकट, गिरिपुष्पाचा पाला, ताग-धैंचा, आंतरपिकातल्या तुरीची गळलेली पाने, हेही सगळे आच्छादनच आहे.

तणनाशकाचा आक्षेप टाळून चालणार नाही. नांगर थांबला की ग्लायफोसेटचा वापर वाढतो, हे खरे आहे. अनेक विनानांगरणी पद्धती त्याच्यावर टेकलेल्या आहेत. या रसायनावर केंद्र सरकारने २०२२ मध्ये निर्बंध घातले, आणि त्याच्याच भरवशावर मातीचे आरोग्य उभे करणे मलाही पटत नाही. पण पर्याय फक्त नांगर आणि तणनाशक एवढेच नाहीत. वखर, कोळपे, दाट आच्छादन, आंतरपीक आणि तण फुलावर येण्याआधी कापणे ही साधने आजही हाताशी आहेत. काळ्या जमिनीत वखराची एक पाळी आणि पल्टी नांगराची खोल नांगरट यांत मातीच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. हैदराबादजवळ पाटणचेरू इथे इक्रिसॅट संस्थेने १९७६ पासून चालवलेल्या काळ्या जमिनीवरच्या प्रयोगात रुंद वरंबे-सऱ्या, आंतरपिके आणि योग्य खते यांच्या जोडीने पारंपरिक पद्धतीच्या चौपटीहून अधिक धान्य पिकले, आणि मातीची धूपही पुष्कळ घटली. श्रेय एकट्या मशागतीचे नाही, अनेक गोष्टी एकत्र बदलल्या होत्या. पण चाकांची वाट आणि पिकाची जागा वेगळी राखली, वरंबा मोडला नाही, तर काळी जमीन किती देऊ शकते हे तिथे दिसले. सोयाबीनसाठी आपल्याकडे पोचलेले, रुंद वरंबे-सऱ्या पाडणारे बीबीएफ यंत्र याच विचारातून आलेले आहे.

म्हणून शेतकऱ्यांना सांगणे एवढेच, की सगळे रान एकदम बदलू नका. अर्धा एकर बाजूला काढा, तिथे तीन वर्षे नांगर घालू नका, मुळे ठेवा, काहीतरी पांघरा, एकच पीक पुन्हा पुन्हा घेऊ नका. बाकीच्या रानात नांगर घालायचा असेल तर त्याआधी कारण ठरवा. खोडकूज आहे, हुमणी आहे, तळाला फरशी बसली आहे, तर एकदा खोल नांगरा आणि मग काही वर्षे थांबा. रोटाव्हेटर दुसऱ्यांदा फिरवू नका, आणि रोगट तुकड्यातून निघालेले अवजार धुतल्याशिवाय पुढे नेऊ नका. कृषी खात्याला आणि विद्यापीठांना सांगणे, की नांगरटीची शिफारस सरसकट देऊ नका. रोगाचे नाव घेऊन द्या, आणि जिथे नांगर नको तिथे ‘नको’ असे स्पष्ट लिहा. आणि यंदा ट्रॅक्टरवाल्याला फोन करण्याआधी प्रत्येकाने ते दोन पेले जरूर भरावेत, एकात रानातले ढेकूळ आणि एकात बांधावरचे. बांधावरची माती टिकली आणि रानातली विरली, तर त्या रानाला आणखी एका नांगरटीची गरज नाही.